ल्योंमध्ये मित्रांसोबत जेवताना कोणत्या वाइन मागवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा मित्रमैत्रिणी फ्रान्सला निघालेत, ल्यों शहरात दोन रात्री मुक्काम आहे. नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये टेस्टिंग झालंय, त्यापलीकडे फारसा अनुभव नाही. एका रात्री चांगल्या रेस्तराँमध्ये बसून शॅम्पेन, अल्सास, बर्गंडी, बोर्दो अशा फ्रान्सभरच्या वाइन ओळीने चाखायच्या आहेत. सहांपैकी एक जण शाकाहारी, एक जण घोटभरच घेणारा. काय मागवायचं, किती, कोणत्या क्रमाने, आणि येताना बाटल्या आणता येतात का?

मी ल्योंमध्येच एका रेस्तराँमध्ये वाइनची बाजू सांभाळते, त्यामुळे अशी टेबलं नेहमीची आहेत. सरळ सांगते, फ्रान्सभरची यादी रद्द करा. ज्या शहरात जेवताय तिथून लोकल गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्या अंतरातल्याच वाइन मागवा. ल्योंमध्ये तर हे करणं अगदी सोपं आहे. सोन नदी उत्तरेकडून येते, तिच्या पश्चिमेच्या डोंगरउतारांवर बोजोले आणि त्याच्या पुढे माकाँ. रोन नदी शहरातून दक्षिणेला वळते आणि साधारण 35 किलोमीटरवर आंप्वी गावापाशी कोत-रोतीचे मळे सुरू होतात. पूर्वेला ब्युजे, त्यापलीकडे साव्हुआ, ईशान्येला ज्युरा. ल्योंला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले, असं इथले लोक गमतीने म्हणतात. दोन रात्रींना एवढं पुष्कळ झालं.

यामागचं मुख्य कारण पैशांचं आहे. मोठ्या नावांची यादी घेऊन बसलात की प्रत्येक नावातली सगळ्यात स्वस्त बाटली तुमच्या वाट्याला येते. रेस्तराँच्या यादीत 40 युरोला बर्गंडीची लाल मिळेल, पण ती त्या प्रांतातल्या तळाच्या पायरीवरची असेल. तेवढ्याच पैशांत बोजोलेमधल्या नामवंत गावाची, चांगल्या शेतकऱ्याने स्वतः बाटलीत भरलेली वाइन येते. बोर्दोचं आणखी वेगळं. नावाजलेली बोर्दो कोवळी असताना तुरट लागते, तिला बऱ्याचदा दहाएक वर्षं ठेवावं लागतं, आणि दहा वर्षं ठेवलेली बाटली सहा पर्यटकांच्या बजेटात बसत नाही. शिवाय इथलं जेवण इथल्या वाइनच्या संगतीने घडलंय. डुकराचं मांस, लोणी, साय, व्हिनेगर, मोहरी या सगळ्याला आंबटसर, हलक्या अंगाची वाइनच पुरी पडते.

मग बोजोले इतकी चांगली असून स्वस्त का? त्याची मुळं जुनी आहेत. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप ‘धाडसी’ याने गामे नावाच्या द्राक्षाची झाडं आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं. गामेला पीक भरपूर येई, पण ड्यूकला पिनो न्वार या दुसऱ्या लाल द्राक्षाची प्रतिष्ठा जपायची होती. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र गामे टिकलं आणि तिथे ते बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनीपेक्षा जास्त खुललं. विसाव्या शतकात बोजोले नुव्होची लाट आली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, सुगीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाजारात येणारी ही वाइन. तिने प्रांताला पैसा मिळवून दिला आणि नावही घालवलं. बोजोले म्हणजे केळ्याच्या वासाची पातळ वाइन असं लोक समजू लागले. पण बोजोलेतली दहा ठिकाणं अशी आहेत ज्यांच्या नावाने वाइन नुव्हो म्हणून विकताच येत नाही: सेंत-आमूर, जुलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरुब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. यांना ‘क्रू’ म्हणतात. यातल्या बऱ्याच बाटल्यांवर बोजोले हा शब्द मोठ्या अक्षरांत सापडणारच नाही, फक्त त्या ठिकाणाचं नाव असतं. तेच वाचायची सवय लावा.

नाशिकला बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक असतं, इथे जागेचं. अल्सास सोडलं तर बहुतेक फ्रान्समध्ये हीच रीत आहे. म्हणून तुमच्यापुरती तीनच द्राक्षं लक्षात ठेवा: माकाँची पांढरी म्हणजे शार्दोने, बोजोलेची लाल म्हणजे गामे, ल्योंच्या दक्षिणेची लाल म्हणजे सिराह. तुम्ही नाशिकला प्यालेली शिराझ हीच.

आता पहिली रात्र, उत्तरेची. ‘बुशों’ प्रकारच्या रेस्तराँमध्ये जा. ल्योंची ही जुनी खाणावळ-पद्धत. टेबलं एकमेकांना चिकटलेली, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, ताटं मोठी आणि गोंगाट भरपूर. रेशीम विणणारे कामगार सकाळी नऊच्या सुमाराला मांस आणि वाइनचा जो नाश्ता करत, त्या परंपरेतलं हे जेवण. आधी आरक्षण करा, सहा जणांना ऐन वेळी जागा मिळत नाही. रविवार-सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात. आरक्षणातच शाकाहारी माणसाचं सांगून ठेवा, आयत्या वेळी सांगितलंत तर त्याच्या नशिबी हिरवी पानं आणि पाव.

सुरुवातीला माकाँच्या पांढऱ्या वाइनचा एक ‘पो’ मागवा. पो ही ल्योंची खास बाटली, जाड काचेच्या बुडाची, 46 सेंटीलिटरची. पिंपातली साधी वाइन त्यात भरून देतात. सहा जणांत प्रत्येकाला सातेक सेंटीलिटर येते, तेवढी पुरे. काउंटरवर कीर किंवा कोम्युनार पुढे करतील, म्हणजे ब्लॅककरंट फळाचं गोड लिकर घातलेली पांढरी किंवा लाल वाइन, ते नको म्हणा. ते गोड पाणी जिभेवर राहिलं की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. पांढरीसोबत केनेल घ्या. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा लगदा, अंडी आणि पीठ यांचा फुगवलेला रोल, वर गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा नांत्युआ सॉस. तो सॉस लोण्याने जड असतो आणि शार्दोनेचा आंबटपणा त्याला कापतो. एक घोट खाण्याआधी घ्या, एक सॉसचा घास तोंडात असताना. दुसऱ्या घोटात वाइन जास्त गोल वाटेल. यादीत सँ-वेराँ किंवा पुयी-फ्विसे या माकाँजवळच्याच पांढऱ्या परवडणाऱ्या भावात दिसल्या तर पो सोडून त्यातली एक बाटली घ्यायला हरकत नाही, पण मग पुढचा हिशोब कमी करा.

या पांढरीतला प्रत्येकी एकेक घोट राखून ठेवा. कशाला ते पुढे सांगते.

पुढे दोन लाल बाटल्या एकदम उघडायला सांगा, फ्लरी आणि मोर्गों. एकामागून एक नकोत, एकदम. सगळ्या जेवणातलं शिकणं या एका गोष्टीत आहे. सहा वाइन ओळीने प्यायलात तर चौथीला पहिली आठवत नाही आणि सहावीला चौथी. दोन ग्लास शेजारी ठेवले की अनुभव नसलेल्यालाही फरक कळतो, कारण काय शोधायचं ते दुसरा ग्लासच सांगतो. द्राक्ष एकच, गामे. गावं शेजारशेजारची. बदलते ती जमीन आणि करणाऱ्याचा हात. फ्लरीची जमीन गुलाबी ग्रॅनाइटची, वाळूसारखी सुटणारी. वाइन फिक्या रंगाची, फुलांच्या वासाची, घशातून पटकन उतरणारी. मोर्गोंमध्ये कोत द्यु पी नावाची टेकडी आहे, तिथे निळसर-काळपट, कुजत चाललेला खडक. तिथली वाइन गडद, चेरीच्या गराची आणि बियांचीही आठवण देणारी, तोंडात थोडा तुरटपणा सोडणारी. आधी दोन्हींचा फक्त वास घ्या, मग चव, मग पुन्हा पहिलीकडे या. फ्लरी दुसऱ्यांदा आणखी हलकी लागते.

प्रत्येकाला दोन ग्लास मागा: ‘द्यू व्हेर पार पेर्सोन’. छोट्या बुशोंमध्ये तेवढे ग्लास नसतात, टेबलावर जागाही नसते. मग शेजाऱ्यांच्या जोड्या करा, एकाने फ्लरी घ्यायची, दुसऱ्याने मोर्गों, आणि अदलाबदल. घोटभर घेणारा तुमचा मित्र इथे फार उपयोगी पडतो. त्याने दोन्ही ग्लास नुसते हुंगायचे आणि तुम्हाला काय येतंय ते सांगायचं. पोटात दारू नसलेलं नाक रात्री दहा वाजता टेबलावर सगळ्यात भरवशाचं असतं.

वासांच्या याद्या मोबाइलवर शोधू नका. ‘व्हायोलेट’, ‘पिओनी’ हे शब्द ती फुलं अंगणात बघितलेल्यांसाठी आहेत. तुमच्या टेबलावर कोकम, करवंद, जांभूळ, पहिल्या पावसानंतरचं अंगण, ओलं लाकूड हे शब्द चालू द्या. मोर्गों हुंगून एखादी मैत्रीण आमसुलाची बरणी म्हणाली, तर तिला काहीतरी नेमकं सापडलंय, तिला हसू नका.

जेवणात लाल वाइनसोबत ब्रियोशमध्ये भाजलेलं सोसिसों घ्या, म्हणजे गोडसर पावात गुंडाळलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. मीठ आणि चरबी यांनी गामेचा आंबटपणा मऊ होतो. सालाद ल्योनेझ हा इथला प्रसिद्ध प्रकार, कडसर पानं, खारवलेल्या डुकराचे तुकडे, वर पोच केलेलं अंडं. चव छान असते, पण त्यातलं व्हिनेगर चांगल्या लालचं मातेरं करतं, म्हणून ते पांढरीसोबतच संपवा. आंदुयेत मागवण्याआधी विचार करा. ते आतड्यांचं सॉसेज आहे, त्याचा वास टेबलभर जातो आणि फ्लरीची फुलं त्याखाली गाडली जातात. ताब्लिए द सापर म्हणजे ब्रेडक्रम्स लावून तळलेला गोवंशाच्या पोटाचा तुकडा, तुमच्यापैकी कोणी गोमांस खात नसेल तर हे नाव लक्षात ठेवा. आणि बॅगेतली शेंगदाण्याची चटणी त्या रात्री हॉटेलवरच राहू द्या. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं आणि तुरटपणा वाढतो.

चीज आलं की राखलेली पांढरी बाहेर काढा. चीजसोबत लालच हवी हा समज फ्रान्समध्येही घट्ट आहे, पण सँ-मार्सेलँसारखं पातळ होत आलेलं, सायीचं चीज लालबरोबर खा आणि मग पांढरीबरोबर खा. लालमध्ये धातूची चव येते, पांढरी चीजला स्वच्छ करून जाते. शाकाहाऱ्यासाठी सेर्व्हेल द कान्यु नक्की मागवा. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’ असला तरी घाबरू नका, ते चक्क्यासारखं ताजं चीज असतं, त्यात चाइव्ह, शॅलट कांदा, थोडं तेल आणि व्हिनेगर. त्याच्यासाठी बटाट्याचं ग्रातँही असतं, म्हणजे साय घालून भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप, मात्र मांसाचा रस वापरलाय का ते विचारायला हवं. कडक शाकाहारी असेल तर आणखी एक गोष्ट: वाइन स्वच्छ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पिशवीपासूनचं जिलेटीन वापरतात, आणि चीजच्या विरजणात वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. सोमेलिएला, म्हणजे रेस्तराँमध्ये वाइन बघणाऱ्या माणसाला, ‘न गाळलेली, न निवळवलेली’ बाटली आहे का असं विचारा, बोजोलेमध्ये अशा पुष्कळ असतात.

शेवटी गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, तार्त आणि त्यासोबत ब्युजेची सेर्दों. ही गुलाबी, फसफसणारी, गोडसर वाइन. आंबणं बाटलीतच पुढे चालतं, पण सगळी साखर संपण्याआधी थांबतं, म्हणून अल्कोहोल आठएक टक्केच. प्रालीनची साखर इतकी कडक असते की कोरडी शॅम्पेन तिच्यापुढे लिंबासारखी लागेल. सेर्दोंला जगात फारसं कोणी ओळखत नाही, आणि मला विचाराल तर ल्योंच्या जेवणातला हा सगळ्यात आनंदाचा ग्लास आहे.

किती घ्यायची याबद्दल स्पष्ट बोलते. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सल्ल्यात दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्लास सांगितलेत, ग्लास म्हणजे 10 सेंटीलिटर, आणि तेही रोज नाही. वर सांगितलेला पो, दोन बाटल्या आणि सेर्दोंचा एकेक ग्लास धरला तर पाच पिणाऱ्यांना माणशी जवळपास अर्धा लिटर होतो. म्हणजे सल्ल्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून बाटल्या संपवायचा हट्ट नको. उरलेली बाटली बूच लावून मागा, इथे ती सोबत नेता येते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाव-चीजबरोबर मोर्गों पुन्हा चाखा, बऱ्याचदा ती आदल्या रात्रीपेक्षा मोकळी झालेली असते. पाणी सतत प्या. ‘कॅराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं, बाटलीबंद पाण्याला पैसे पडतात. जेवणानंतर गाडी कोणी चालवू नका, इथली मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे आणि तपासणी होते.

बाटली उघडल्यावर ज्याने मागवली त्याच्या ग्लासात थोडी ओततात. तो क्षण बऱ्याच भारतीय पाहुण्यांना परीक्षेचा वाटतो. तिथे तुम्हाला आवडली का हा प्रश्नच नसतो. बाटली खराब आहे का आणि तापमान बरं आहे का, एवढंच बघायचं. बुचातल्या दोषाने खराब झालेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो आणि हवा लागली की तो वाढत जातो. शंका आली तर सोमेलिएला स्वतः हुंगायला सांगा: ‘एल ए बुशोने?’ चांगल्या ठिकाणी वाद न घालता बाटली बदलतात.

यातून निसटणारा एक दोष आहे. ल्यों आणि बोजोले हे नैसर्गिक वाइनचं माहेर. गंधक जवळजवळ न घालता वाइन करायचा मार्ग जूल शोव्हे या बोजोलेच्याच व्यापारी-रसायनतज्ज्ञाने दाखवला, आणि मोर्गोंच्या मार्सेल लापिएरसारख्या शेतकऱ्यांनी तो चालवला. अशी वाइन गढूळ दिसली तर बिघडली असं समजू नका. पण काहींमध्ये उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव येते, आणि ती नाकाला कळतच नाही. वाइनच्या आम्लात तो वास दबलेला असतो. घोट गिळल्यावर लाळेने आम्ल कमी झालं की काही सेकंदांनी वर येतो. तपासणीच्या पहिल्या घोटात बाटली पास होते आणि ओतून झाल्यावर टेबलावर चेहरे वाकडे होतात. म्हणून गढूळ बाटली असेल तर घोट गिळून मनात दहापर्यंत मोजा, मगच मान डोलवा.

तापमानाचं तर मी पाहुण्यांना रोज सांगते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम ज्या काळातला आहे, तेव्हा इथल्या खोल्या सोळा-सतरा अंशांच्या असत. उन्हाळ्यात बुशोंमधली खोली पंचविशीच्या पुढे जाते. गामे 13 अंशांच्या आसपास हवी. बाटली हाताला गार लागली नाही तर बर्फाची बादली मागा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वेटर भुवया उंचावणार नाही, उलट तुम्हाला कळतं असं त्याला वाटेल.

दुसरी रात्र दक्षिणेची. इथे जेवणाला बुशोंपेक्षा जरा शांत जागा निवडा, कारण वाइनही महाग आणि गंभीर होतात. सुरुवात काँद्रियूने, पण ग्लासाने मिळत असेल तरच. व्हियोनिए द्राक्षाची ही पांढरी, जर्दाळूच्या वासाची. 1960 च्या दशकात तिचे मळे दहाएक हेक्टरांवर आले होते, उतार इतके उभे की मजुरी परवडेना. आता दोनशे हेक्टरांच्या आसपास आहेत, पण काम अजूनही हातानेच, म्हणून भाव तसा. एक ग्लास दोघांत पुरतो. ती फार गार देऊ नका म्हणून सांगा, फ्रिजमधून थेट आली तर जर्दाळू गायब होतो.

मग पुन्हा जोडी: क्रोझ-एर्मिताज आणि सँ-जोझेफ. रोनच्या एका काठावर एक, समोरच्या काठावर दुसरी. दोन्ही सिराह. बजेट असेल तर सँ-जोझेफऐवजी कोत-रोती घ्या. तिच्यात कायद्याने वीस टक्क्यांपर्यंत पांढरी व्हियोनिए मिसळता येते, लाल वाइनमध्ये पांढऱ्या द्राक्षाचा वास शोधायचा खेळ मस्त होतो. पण रेस्तराँमध्ये कोत-रोतीची बाटली बऱ्याचदा शंभर युरोंच्या आसपास किंवा वर जाते, आणि पहिल्याच भेटीत तिची गरज नाही असं माझं मत आहे. भाजलेलं कोकरू, बदक किंवा मिऱ्याचा सॉस असलेलं काहीही यासोबत चालतं.

इथे तुमच्या नाशिकच्या अनुभवाचा खरा उपयोग होईल. उत्तर रोनच्या सिराहला मिऱ्याचा वास येतो, आणि तो नुसता भास नव्हे. रोटंडोन नावाचं जे संयुग काळ्या मिरीला तिचा वास देतं, तेच या द्राक्षाच्या सालीत असतं. थंड हवेत ते जास्त साठतं, उष्ण हवेत कमी. नाशिकची शिराझ पिकलेल्या काळ्या फळांची, तोंड भरणारी लागते आणि मिरी मागे पडते. क्रोझमध्ये मिरी पुढे, फळ मागे. गंमत अशी की साधारण पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. सहा जणांत एखादा असा निघेलच, सगळे मिरी मिरी म्हणताना तो गप्प बसेल. त्याचं नाक वाईट आहे असं काही नाही, त्याला ती वाइनच वेगळी लागतेय. त्याला काय येतंय ते मुद्दाम विचारा.

दिवस मोकळा असेल तर रेल्वेने दक्षिणेच्या व्हिएन गावी किंवा पुढे तँ-लेर्मिताजला जाऊन या. तँच्या स्टेशनबाहेर पडलात की एर्मिताजची टेकडी समोरच उभी असते, भिंतींवर वायनऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत रंगवलेली. रात्री जी बाटली उघडायची तिची जमीन आधी बघितलेली असली की टेबलावर बोलायला विषय शोधावा लागत नाही.

एक वाकडी वाट सुचवल्याशिवाय राहवत नाही. यादीत ज्युराची व्हँ जोन ग्लासाने दिसली, तर सहांत एक ग्लास घ्या, कोंते चीजच्या तुकड्याबरोबर. साव्हान्यँ द्राक्षाची ही वाइन पिंपात यीस्टच्या पातळ सायीखाली ठेवतात, पिंप मध्ये भरून न घेता, आणि सुगीनंतर किमान सहा वर्षं तीन महिने होईपर्यंत विकता येत नाही. फ्रेंच लोक तिच्या वासाला अक्रोड म्हणतात, करी मसाला म्हणतात आणि अडखळतात. तुम्ही अडखळणार नाही, ते मेथीदाणे आहेत. मेथीचा वास ज्या सोटोलोनमुळे येतो, तेच या वाइनमध्ये तयार होतं. माझ्या टेबलांवर ती मराठी माणसांनी फ्रेंचांच्या आधी ओळखलेली मी बघितलीय. आवडेलच असं नाही, निम्मे लोक ग्लास सरकवून देतात. ज्यांना आवडते त्यांचं मात्र वेडात रूपांतर होतं.

बिलाबद्दल: सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, वर थोडे युरो ठेवले तर खुशी, नाही ठेवले तरी चालतं. वाइनचा भाव रेस्तराँमध्ये दुकानाच्या दुप्पट ते चौपट असतो आणि सगळ्यात महागड्या बाटल्यांवर ही पट सहसा कमी असते. सोमेलिएशी बोलताना किंमत तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर यादीतल्या आकड्यावर बोट ठेवून ‘या सुमाराची’ म्हणा. आम्हाला ते फार सोयीचं जातं. आणि तुम्हाला काय आवडतं यापेक्षा काय आवडत नाही ते सांगा, ‘तुरट नको’, ‘लाकडाचा वास नको’. त्यावरून बाटली निवडणं चटकन होतं.

बाटल्या आणण्याचं: भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे नेहमीच्या 75 सेंटीलिटरच्या दोन बाटल्या बसतात आणि अर्धा लिटर मोकळा राहतो. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी ठेवा. मोर्गों किंवा क्रोझ आणा, दोन्ही प्रवास सोसतात. सेर्दों आणू नका, ती ताजीच प्यायची. व्हँ जोनचं वेड लागलंच तर तिची बाटली 62 सेंटीलिटरची असते, माणशी तीन आणल्यात तरी 186 सेंटीलिटर, कस्टमच्या हिशोबात बसतात.